यादीत नाव आहे का?

लाडकी बहीण योजनेची छाननी सुरू झाल्यापासून जो कलगीतुरा चाललाय, तो ऐकून कान किटले. एक बाजू विचारते, पुरुषांच्या खात्यात पैसे गेलेच कसे, दारात चारचाकी उभी असलेल्या घराला दीड हजार कशाला? दुसरी म्हणते, छाननी म्हणजे बहिणींचा अपमान. दोघांचाही सूर निवडणुकीचा. पण या गदारोळात एक गोष्ट गुपचूप सर्वमान्य होऊन बसली आहे: आधी यादी पक्की करा, मग मदत द्या. परवा एका चर्चेत एक गृहस्थ तर म्हणाले, उद्या पुन्हा कोविडसारखं काही आलं तरी आता काळजी नाही. आधार आहे, असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल आहे, सगळ्यांचा डेटा तयार आहे. मला काळजी वाटते ती नेमकी याच भरवशाची. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. निराधारांच्या पेन्शनला यादी हवी, घरकुलाला हवी, शिष्यवृत्तीलाही हवी. पण साथ येऊन कामधंदे बंद पडतात, तेव्हा पहिले सहा महिने मदतीला यादी लावूच नये. मागेल त्याला द्यावं आणि दिल्यानंतर तपासावं.

हे वेडगळ वाटत असेल तर १३ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ आठवा. राज्यात पुन्हा निर्बंध लागणार होते. मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. सात कोटी लोकांना महिनाभर तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ मोफत. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये. लगेच वाद पेटला तो रकमेवरून. दीड हजारात काय येतं, असं विरोधक म्हणाले. तिजोरीत खडखडाट असताना एवढं तरी दिलं, असं समर्थक म्हणाले. त्या यादीतल्या विशेषणांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. फेरीवाले कोणते? ‘नोंदणीकृत’. रिक्षाचालक कोणते? ‘परवानाधारक’. म्हणजे परवाना ज्याच्या नावावर, त्याला पैसे. त्याच्याकडून रिक्षा शिफ्टने घेऊन रात्री तीनपर्यंत चालवणाऱ्याला काही नाही. आणि बांधकामावरचा मजूर? त्याला वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा ठेकेदाराने. आता जो ठेकेदार मजुराला हजेरीपटावरच घेत नाही, तो सहीचा कागद कशाला देईल? ती सही म्हणजे उद्या त्याच्याच गळ्यात अडकणारा पुरावा. बरं, एकदा नोंदणी झाली की सुटला, असंही नाही. ती वेळच्या वेळी नवी करावी लागते, तरच ती ‘जीवित नोंदणी’. हा शब्द माझा नाही, सरकारी आहे. कामगार जिवंत आणि नोंदणी मृत, अशी माणसं त्या वर्षी किती असतील?

आणि जिची नोंदणीच झालेली नव्हती, अशी एक माझ्या स्वयंपाकघरात होती. मावशी आमच्याकडे तेव्हा अकरा वर्षं पोळीभाजी करत होत्या. निर्बंधांत त्यांच्या पाच घरांपैकी तीन सुटली होती. एके दिवशी त्या ओट्यापाशी उभं राहून, फडक्याला हात पुसत म्हणाल्या, “ताई, तुम्ही लिहून द्याल का, मी तुमच्याकडं काम करते म्हणून?” घरेलू कामगारांच्या नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. मी कागद घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले. कधीपासून काम करतात? साल नक्की आठवेना. पगार किती? तो लिहिताना लाज वाटली. दाखला लिहिला, सही केली, पण मुळात पैसे होते ते आधीपासून नोंद असलेल्यांना. आमचा कागद उशिरा निघाला होता, अकरा वर्षं उशिरा. सरकारने त्यांना वगळलं, हे खरंच. पण त्या वगळण्यावर पहिली सही माझी होती. तोवर मालक हा शब्द मी स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता.

केंद्राचंही वेगळं नव्हतं. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. अंमल मध्यरात्रीपासून, म्हणजे हाताशी चार तास. त्याच दिवशी कामगार मंत्रालयाने राज्यांना सुचवलं की बांधकाम उपकरातून जमलेल्या ५२ हजार कोटींमधून साडेतीन कोटी नोंदीत मजुरांना पैसे द्या. दोन दिवसांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज आलं. ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो जादा धान्य मोफत, जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये. आकडा प्रचंड आहे आणि ते धान्य मिळालं नसतं तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण हे ८० कोटी आले कुठून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातून, म्हणजे २०११ च्या जनगणनेतून. रेशनकार्ड गावाकडे आणि माणूस भिवंडीच्या यंत्रमागावर, अशा सगळ्यांच्या हाती काहीच नव्हतं. रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरितांनाही धान्य देऊ, ही घोषणा झाली १४ मे रोजी. मधे पन्नास दिवस गेले. त्या पन्नास दिवसांतच, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. तेव्हा अन्न महामंडळाच्या गोदामांत साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता, बफर साठ्याच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. धान्य विकत घेऊन झालेलं होतं. ते ठेवायलाही पैसे पडत होते.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा ‘फुकटे’ हा नाहीच. तो नुसता तिरस्कार आहे. भक्कम मुद्दा हा, की ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याला पैसे पाठवणार कुठे? धान्य निदान ट्रकने नेता येतं; बँकेतला पैसा खातं विचारतो. दुसरा मुद्दा, पैसा मर्यादित आहे, तर जो जास्त अडलेला त्याला आधी मिळायला हवा आणि ते ठरवायला मोजमाप लागतंच. तिसरा, मोकळ्या हाताने वाटलं की दांडगे पुढे घुसतात आणि दुबळा मागेच राहतो. गावात वाटपाच्या वेळी ट्रॅक्टर घेऊन कोण येतं, हे मी पाहिलेलं आहे. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. फक्त त्यांतून यादीच निघते, हे मान्य नाही.

यादी म्हणजे कालचा फोटो. आणि आपत्तीचा स्वभावच असा की ती रातोरात नवे गरीब तयार करते. २३ मार्च २०२० ला शिकवणी घेणारा मास्तर गरीब नव्हता. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कॉलेजसमोर मेस चालवणारी बाई, ब्यूटी पार्लरमधली मुलगी, यांतलं कुणी गरीब नव्हतं. एप्रिलअखेर त्यांनी अंगठ्या मोडल्या होत्या. जगातली कितीही अद्ययावत यादी घ्या, त्यांची नावं तिच्यात नसणारच. कारण यादी केली तेव्हा त्यांचं बरं चाललं होतं. शिवाय यादीत नाव येण्यासाठी जे लागतं, म्हणजे पत्ता, मालकाची सही, चालू मोबाइल, कामाचा एक दिवस बुडवायची ऐपत, ते ज्याच्याकडे असतं तो त्यातल्या त्यात बरा गरीब. सगळ्यात अडलेला माणूस त्या पायरीपर्यंत पोचतच नाही. ई-श्रमवर तीस कोटींच्या आसपास नोंदी आहेत, चांगलंच आहे. पण त्यातला आज कोण कुठल्या शहरात कुठल्या साइटवर आहे, हे त्या नोंदीतून कळतं का?

मग मोजमाप करायचं कसं? याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. ते महाराष्ट्रानेच काढलं होतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना विचारा. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बाईला कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. जो येईल त्याच्या हाती घमेलं, आठवड्याला हजेरीप्रमाणे पैसे, पोरांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिला होता, तीच पुढे राज्याची रोजगार हमी योजना झाली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्यासाठी नोकरदार शहरी माणसाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो अजून कापला जातो. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत केवढं प्रशासकीय शहाणपण आहे! गरीब कोण हे सरकारने शोधायचंच नाही. मदतीचं रूपच असं ठेवायचं की गरज नसलेला माणूस आपणहून फिरकणार नाही. उन्हात खडी फोडायला सरपंचाचा मेहुणा जात नाही.

साथीत माणसं एका खडीच्या ढिगावर गोळा करता येत नाहीत, हे उघड आहे. पण तत्त्व तेच राहतं. शिवभोजन थाळी घ्या. जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांना सुरू झाली, टाळेबंदीत पाच रुपयांवर आली, पुढच्या वर्षीच्या निर्बंधांत फुकट झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. खिडकीपाशी शिधापत्रिका नाही, पिवळी-केशरी-पांढरी नाही. ज्याच्या घरी गॅसवर कुकर लागतो, तो त्यासाठी रांगेत अर्धा तास काढत नाही. रांग हीच चाळणी. या चाळणीतूनही म्हातारी माणसं, अपंग, कडेवर पोर असलेली बाई गळते, हे मी नाकारत नाही. रांगेत उभं राहायची लाज ही सुद्धा एक किंमत आहे. पांढरपेशा घरांनी ती मोजण्याऐवजी उपास काढला, अशीही घरं मला माहीत आहेत. पण रांगेत गळलेल्याला शेजारचा डबा नेऊन देऊ शकतो. यादीत गळलेल्यासाठी शेजाऱ्याने काय करायचं, अपील?

शिवाय माणूस ठाऊक नसला तरी वस्ती ठाऊक असते. १९१८ ची मानमोडी घ्या, त्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे हेच नाव होतं. तेव्हा मुंबईत गोऱ्या लोकांत हजारी आठ माणसं दगावली आणि खालच्या मानलेल्या जातींत हजारी एकसष्ट. रोगाने जात विचारली नव्हती; एका खोलीत किती माणसं आणि पोटात काय, एवढंच त्याला पुरलं. शंभर वर्षांनी आपल्या महापालिकांनी कुठल्या गल्ल्यांना पत्रे ठोकले, ते आठवा. जी वस्ती माणसं न मोजता सील करता येते, तिला माणसं न मोजता शिधाही देता येतो. दाराला दार धरून.

आणि दोनदा नेलं तर? मार्च २०२० मध्ये याच राज्यात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जात होता. २०१६ च्या नोटाबंदीत जुन्या नोटा बदलून घेणाऱ्याच्या बोटाला शाई लागली होती. मतदानाची शाई तर आपली खासियतच. माणूस बाहेर पडू नये म्हणून शाई सुचते, दोनदा नोटा बदलू नये म्हणून सुचते. महिन्याचा शिधा एकदाच मिळावा म्हणून ती कुणालाच का सुचली नाही?

रोख रकमेचं प्रकरण अवघड आहे आणि तिथे चोरी होणार, हे गृहीत धरायला हवं. ब्राझीलने एप्रिल २०२० मध्ये मोबाइल ॲपवर स्वतःच नोंद करा अशी मुभा देऊन महिना ६०० रियाल वाटले. साडेसहा कोटींहून जास्त लोकांपर्यंत पैसे पोचले. महिन्याभरातच उघड झालं की ७३ हजारांवर लष्करी मंडळींनीही ते उचललेत. पुढे एकूण अपात्रांचा आकडा लाखांत गेला. मोठी नाचक्की झाली आणि पैसे परत करा म्हणून मागे लागावं लागलं. आमच्याकडचे छाननीवादी हे उदाहरण आनंदाने देतील. पण त्यातली दुसरी अर्धी गोष्ट पहा. चोर सापडले ते पैसे दिल्यामुळे. बँकेत नोंद होती, लष्कराच्या पगारपत्रकाशी ताडून पाहिली, नावं बाहेर आली. पैसे घेतलेल्याचा माग काढता येतो. वगळलेल्याचा काढता येत नाही, त्याची नोंदच नसते. सप्टेंबर २०२० मध्ये वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले असं संसदेत विचारलं, तेव्हा सरकारचं लेखी उत्तर होतं की अशी आकडेवारी उपलब्ध नाही. चुकून दिलेल्या दीड हजारांचा हिशेब पैशापर्यंत ठेवणाऱ्या व्यवस्थेत हा रकाना नव्हता.

तिजोरीचा मुद्दा उरतो. १ लाख ७० हजार कोटी हा अंगावर येणारा आकडा आहे खरा. पण त्याच्या सहा महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपनी कर कमी केला तेव्हा अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल. तेव्हा कुणी कंपन्यांची छाननी मागितली नाही. मला त्या करकपातीवर भांडायचं नाही. उद्योग वाढावेत म्हणून सरकारला जोखीम घ्यावी लागते, हे समजतं. जोखीम माणसं जगावीत म्हणून घेतली की मात्र तिचं नाव उधळपट्टी पडतं.

हे नाव पडण्याची भीती फार जुनी आहे. सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याची कथा त्यासाठी सांगायला हवी. १८७४ मध्ये बिहारला दुष्काळ पडला तेव्हा या गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला. माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. बक्षीस म्हणून त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. टेंपलसाहेब धडा शिकले. १८७७ मध्ये त्यांना दक्षिणेतल्या दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं, तेव्हा त्यांनी दिवसभर राबणाऱ्या मजुराला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणून ठेवलं. आपल्या मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली; दुष्काळी कामावरच्या लोकांनी संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. त्या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. वाचवलेल्या माणसांबद्दल बोलणी आणि वाचवलेल्या पैशांनंतर बढती, हे पाहिलेला कुठला अधिकारी पुढच्या आपत्तीत सही करताना हात सैल सोडेल? आजचा तहसीलदारही तेच गणित करतो. अपात्राला दिलं तर लेखापरीक्षणात त्याचं नाव येतं. पात्राला नाकारलं तर कशातच येत नाही. हे उलटं केल्याशिवाय, म्हणजे आपत्तीच्या काळात सद्हेतूने जास्त वाटलेल्या शिध्यासाठी अधिकाऱ्याला आधीच अभय दिल्याशिवाय, बाकी सगळ्या सुधारणा कागदावरच राहतील.

आणि आपल्याला हे जमत नाही असं तर नाहीच. पुन्हा लाडक्या बहिणीकडे येऊ. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली, १४ ऑगस्टपासून खात्यांत पैसे पडू लागले. सत्तेचाळीस दिवस. अधिवास दाखला नाही? जुनी शिधापत्रिका चालेल, मतदार ओळखपत्र चालेल. उत्पन्नाचा दाखला नाही? पिवळं-केशरी कार्ड चालेल. हमीपत्र लिहा, अर्ज भरा. अंगणवाडी सेविका भरून देतील. आधी द्या, मग तपासा, हे मी ज्याची मागणी करतेय ते राज्याने तेव्हा करून दाखवलं. साथ नसताना. २०२० मध्ये साधारण तेवढेच दिवस केवळ ‘कार्ड नसलेल्यांनाही धान्य देऊ’ एवढं म्हणायला लागले होते. एक सरकार दिल्लीचं, दुसरं मुंबईचं, हे मला कळतं. पण यंत्रणा तीच, तेच तलाठी, त्याच बँका. फरक एकच दिसतो. बहिणींचं मत इथल्या मतदारयादीत होतं आणि निवडणूक तोंडावर होती. करमाडजवळच्या त्या सोळा जणांचं गाव मध्य प्रदेशात होतं. शेवटी यादी लागलीच, फक्त ती वेगळी होती.

मावशी अजून येतात. त्यांची नोंदणी पुढे झाली, ओळखपत्रही मिळालं; ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॅसच्या पुस्तकात ठेवलंय. हे लिहिता लिहिता मी त्यांना सहज विचारलं, नूतनीकरण केलंत का? त्या पीठ मळता मळता थांबल्या. “ते परत करावं लागतं व्हय, ताई?”